सही साहेबांची, टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये?

सरकारी कारभार आणि संगणक यांवर या अंकासाठी भरपूर पत्रे आली. दाखले, नोटिसा, निविदा, हरकती सगळेच आता पडद्यावर होते. पण वाद उभा राहिला की सही कुणाची, कागद कधी पोहोचला आणि ते दाखवायचे कशाने, इथेच घोडे अडते. निवडक प्रश्नांना आमच्या कायदा आणि तंत्रज्ञान सल्लागारांनी उत्तरे दिली आहेत. ज्यांनी नाव नको असे कळवले त्यांचा फक्त राहण्याचा भाग दिला आहे.

प्रश्न : आमची जमीन राजापूर तालुक्यात आहे. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढून बँकेत प्रिंट दिली. बँक म्हणते, ‘तलाठ्याचा शिक्का आणि सही आणा.’ शिवाय संगणकावर उघडल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. हा सातबारा खोटा समजायचा का? (गिरगाव)

आधी एक खात्री करून घ्या. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो आणि तसे त्यावर लिहिलेले असते. १५ रुपये भरून मिळतो तो डिजिटल स्वाक्षरीचा. बँकेत पहिला दिला असेल, तर बँकेचे बरोबर आहे.

दुसरा दिला असेल, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४ आणि ५ तुमच्या बाजूने आहे. कायद्याला लेखी कागद हवा असेल तिथे इलेक्ट्रॉनिक नोंद चालते आणि सही हवी असेल तिथे इलेक्ट्रॉनिक सही चालते. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागानेही डिजिटल सातबाऱ्यावर तलाठ्याच्या वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही असे स्पष्ट केले. शाखेत वाद घालत बसण्यापेक्षा उताऱ्यावरचा क्यूआर कोड किंवा १६ अंकी पडताळणी क्रमांक दाखवा आणि अधिकाऱ्याला त्याच्याच संगणकावर तपासायला सांगा.

आता प्रश्नचिन्ह. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या संगणकातला पीडीएफ वाचक सही करणाऱ्याला ओळखत नाही. भारतात डिजिटल सह्यांच्या साखळीच्या टोकाला प्रमाणन प्राधिकरणांचे (सहीची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांचे) नियंत्रक, म्हणजे सीसीए असतात, आणि त्यांचे मूळ प्रमाणपत्र बहुतेक संगणकांत आधीपासून विश्वासू म्हणून नोंदलेले नसते. सहीवर टिचकी मारा, सिग्नेचर प्रॉपर्टीज उघडा, तिथून सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र पाहा. साखळीत सर्वांत वर ‘सीसीए इंडिया’ दिसले, तरच ट्रस्टच्या टॅबमध्ये जाऊन ते विश्वासू प्रमाणपत्रांत घाला आणि सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येईल. वर दुसरेच काही नाव असेल तर हात लावू नका. लाल फुली मात्र वेगळी: सही झाल्यावर फाइलमध्ये काही बदलले गेले आहे किंवा प्रमाणपत्रातच खोट आहे.

बहुतेकांचे इथे चुकते : डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नसते. छापील पानावर उरते ते तिचे चित्र. तीच फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर सही गेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर टिकते. मूळ फाइल नाव न बदलता वेगळी जपून ठेवा.

डिजिलॉकरलाही असाच फरक लागू आहे. खात्याने थेट दिलेली, ‘इश्यूड’ विभागात दिसणारी कागदपत्रे डिजिटल लॉकर नियमांत २०१७ मध्ये घातलेल्या नियम ९अ प्रमाणे मूळ प्रतीच्या बरोबरीची. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली ती नुसती स्कॅन केलेली प्रत.

प्रश्न : मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. साहेब दौऱ्यावर असले की त्यांच्या डिजिटल सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे साधन) माझ्या ड्रॉवरमध्ये असते आणि पिन मला पाठ आहे. दिवसाला शंभरेक दाखले मीच ‘साइन’ करतो. सगळीकडे असेच चालते. उद्या काही झाले तर मी अडकेन का? (नाव नको, मुंबई उपनगर)

अडकाल. साहेबही अडकतील, पण तुम्ही आधी.

डिजिटल सहीची किल्ली, म्हणजे टोकनमधला गुप्त संकेत, ज्याच्या नावावर आहे, त्याने ती ताब्यात ठेवण्याची योग्य काळजी घ्यायची, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४२ सांगते. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन प्राधिकरणाला विनाविलंब कळवायचे. कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच. ही झाली साहेबांची बाजू. तुमच्या बाजूला कलम ६६सी आहे : दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमचा हेतू वाईट नव्हता, साहेबांनीच सांगितले होते, हा बचाव तुम्हाला आहे. पण तो सिद्ध करायला तुमच्याकडे काय आहे? तोंडी आदेश. आणि साहेब म्हणणार, ‘टोकन टेबलावर राहिले होते, पिन याला कसा कळला मला ठाऊक नाही.’

उत्पन्नाचा एखादा दाखला खोटा निघाला की चौकशी अधिकारी आधी प्रणालीची नोंद मागतो : सही कोणत्या मिनिटाला झाली, कोणत्या लॉगिनमधून, कोणत्या आयपी पत्त्यावरून. त्या दिवशी साहेब हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात आणि सही मुंबईतल्या तुमच्या टेबलावरच्या संगणकावरून. सही दुसऱ्याने केली हे सांगायला मग साक्षीदार लागत नाही. एकगठ्ठा सह्यांत तर हे आणखी उठून दिसते. चाळीस दाखले एका मिनिटात ‘तपासून’ मंजूर झालेले असतात.

काही कार्यालयांत यावर उपाय म्हणून ‘टोकन रजिस्टर’ ठेवतात : कुणी नेले, कधी परत केले. हेतू चांगला, पण ते रजिस्टर म्हणजे किल्ली हातोहात फिरते याचा कार्यालयानेच लिहून दिलेला कबुलीजबाब.

पिन लगेच बदलायला लावा. तो साहेबांनी स्वतः टाकायचा आणि तुम्ही त्या वेळी पडद्यापासून लांब राहायचे. मग टिपणी ठेवा, आवाज चढवून बोलू नका :

‘मा. … यांचे डिजिटल स्वाक्षरी टोकन कार्यालयीन सोयीसाठी माझ्याकडे ठेवण्यात येत होते. ते दि. … रोजी त्यांच्याकडे सुपूर्द केले आहे. यापुढे त्यांच्या अनुपस्थितीत कार्यभार असलेल्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीने दाखले निर्गमित करण्याबाबत आदेश व्हावेत.’

कागदावर द्या किंवा ई-ऑफिसमध्ये, पण जावक क्रमांकासह. साहेब रागावतील. त्यांचा राग उतरतो. ६६सी खाली नोंदलेला गुन्हा मात्र उतरत नाही.

काम अडू नये यासाठी दोन सरळ वाटा आहेत. एक, ज्याच्याकडे कार्यभार जातो त्याच्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र आणि प्रणालीत त्याला सहीचा अधिकार. दोन, आधारवर आधारित ई-साइन. त्यात किल्ली त्या एका सहीपुरती तयार होते आणि लगेच नष्ट होते, म्हणजे ड्रॉवरमध्ये ठेवायला काही उरतच नाही. मात्र ओटीपी साहेबांच्या फोनवर जातो. तो त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितला, तर आपण पुन्हा पहिल्याच जागी.

बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी जुन्या पदावरच्या लॉगिनचा सहीचा अधिकार काढला आहे का, हे पाहा. प्रमाणपत्राला मुदत असते, माणसाची बदली त्याच्या आधी होते.

प्रश्न : एका प्रारूप योजनेवर हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख होती. मी रात्री ११.५२ ला ई-मेल केला. कार्यालय म्हणते, ‘आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला, उशीर झाला.’ (अंधेरी)

कधी पाहिला याला महत्त्व नाही, कुठे पाठवला याला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे, समोरच्याने पत्ता नेमून दिला असेल तर त्या पत्त्याच्या संगणकात मेल शिरला तो क्षण म्हणजे पोहोच. नेमलेला पत्ता सोडून दुसरीकडे पाठवला, तर त्यांनी तो काढून पाहिला तो क्षण. पत्ताच नेमला नसेल, तर त्यांच्या कोणत्याही संगणकात शिरला की पोहोचला.

म्हणून जाहीर सूचना पुन्हा वाचा. तिच्यात दिलेल्या पत्त्यावरच ११.५२ ला मेल गेला असेल आणि परत आला नसेल, तर तुम्ही वेळेत आहात. मात्र सूचनेत ‘कार्यालयीन वेळेत’ किंवा ‘सायंकाळी ५ पर्यंत’ असे शब्द असतील तर मध्यरात्रीचा हिशेब चालणार नाही. तुम्ही एखाद्या उपअभियंत्याच्या जीमेलवर पाठवला असेल, तर सकाळची वेळ धरली जाईल. मेलचा पूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) जतन करा आणि कार्यालयाकडे पोहोचलेल्या प्रतीचाही मागा. त्यांच्या सर्व्हरने मेल कधी स्वीकारला ते त्या प्रतीच्या हेडरमध्ये सेकंदासह असते. पडद्याचा फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. जोडपत्र जड असले की मेल काही मिनिटांनी परत येतो आणि तो निरोप पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहतो. तेही पाहून घ्या.

सूचनेत ‘हरकती लेखी स्वरूपात आवक विभागात’ एवढेच असेल आणि मेलचा उल्लेखच नसेल, तर अडचण आहे. सरकारी कार्यालयाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच कागद घ्यावा असा हट्ट धरण्याचा हक्क कलम ९ नागरिकाला देत नाही. पुष्कळ वकिलांच्याही नजरेतून हे कलम सुटते.

प्रश्न : पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली. निळ्या खुणा झाल्या. बजावणी झाली का? (घाटकोपर)

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१अ ची नोटीस असेल, तर नाही. २१ जानेवारी २०२५ रोजी सतेंद्र कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती व्हॉट्सॲपवर देण्यास मनाई केली. कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच ती बजावायची.

‘निळ्या खुणां’चा म्हणून गाजलेला निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, जून २०१८ चा. तो एका बँक-कार्ड कंपनीच्या दिवाणी वसुली प्रकरणातला होता. पोहोचलेली पीडीएफ समोरच्याने उघडली होती, म्हणून ती बजावणी मानली गेली. तो निकाल फौजदारी नोटिशीला जोडता येत नाही. महानगरपालिकेच्या नोटिशीची बजावणी तिच्या स्वतःच्या, १८८८ च्या अधिनियमात दिलेल्या रीतीने होते. न्यायालयाचे समन्स मात्र न्यायालयाच्या शिक्क्यासह इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येऊ शकते.

तरी पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करा आणि गप्प बसू नका. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ झाली असे कुणी सांगितले, तर असा प्रकार कायद्यात नाही. कॉल बंद करून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर माझा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी घेतला नाही. आता कार्यालय म्हणते, ‘तुम्ही आलाच नाहीत.’ खिडकीवर कॅमेरा आहे. माहिती अधिकारात फुटेज मागितले तर पुरावा म्हणून चालेल का? (दादर)

चालेल, पण नुसत्या माहिती अधिकारावर विसंबलात तर हाती काही येणार नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. कॅमेऱ्याची हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते, आणि किती दिवसांनी ते डिस्कच्या आकारावर व कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरते. उत्तर येते तेव्हा ‘फुटेज उपलब्ध नाही’ हे खरेही असते.

म्हणून पहिले पत्र जतनाचे. आजच कार्यालयप्रमुखाला लिहा : अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अमुक खिडकीचा कॅमेरा; हे चित्रण न्यायालयीन कामासाठी लागणार असल्याने ते पुसले जाऊ न देता वेगळ्या साधनावर काढून ठेवावे. वेळ अर्धा तास मागे-पुढे धरून मागा. रेकॉर्डरचे घड्याळ पुष्कळदा पाच-दहा मिनिटे चुकलेले असते. त्या दिवशी ते किती चुकले होते याची नोंद ठेवण्याचीही मागणी करा. आवक शिक्का घ्या, मेलही करा. यानंतर फुटेज पुसले गेले, तर ‘आपोआप गेले’ हे उत्तर तितके सोपे राहत नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा.

फुटेज मिळाल्यावर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे, जुन्या साक्ष्य कायद्यातल्या ६५ब ची जागा त्याने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा म्हणा : एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अक्षरांची ओळ येते आणि फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ओळ पार बदलते. विंडोज संगणकात सर्टयुटिल (certutil) नावाची आज्ञा आधीपासून असते, तिने हे मूल्य काही सेकंदांत मिळते.

इथे चूक होते ती अशी. कार्यालय रेकॉर्डरमधून फाइल काढते, कुणीतरी ती व्हॉट्सॲपवर पाठवतो, व्हॉट्सॲप ती दाबून लहान करते. आता हॅश वेगळा. प्रमाणपत्रावर एक मूल्य, न्यायालयात दिलेल्या पेनड्राइव्हवर दुसरे. समोरच्या वकिलाला एवढे पुरते. फाइल थेट नव्या पेनड्राइव्हवर घ्या, हॅश तिथल्या तिथे काढून पत्रावर लिहून घ्या आणि मगच कार्यालयाबाहेर पडा.

कार्यालयाने प्रमाणपत्रच दिले नाही तर? हे आपल्या जालन्यात घडून गेले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला का, असा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेरे हा पुरावा. चित्रण मिळाले, प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच. पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि अधिकाऱ्यांनी दिले नाही, त्याला त्याबद्दल शिक्षा नाही. त्याने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे. तुमच्या कामाचे त्यातले एवढेच : प्रमाणपत्र लेखी मागा, स्मरणपत्र द्या, प्रत्येकाची पोहोच ठेवा. ‘शक्य ते सारे केले’ हे त्याच कागदांवरून दिसते.

प्रश्न : माहिती अधिकारात रस्त्यांच्या कामांची यादी एक्सेलमध्ये मागितली. उत्तर आले, ६४० पाने, १,२८० रुपये भरा. यादी तर त्यांच्या संगणकात आहे. (चेंबूर)

प्रति पान दोन रुपये हा दर बरोबर आहे. पाने छापून त्यांचे पैसे मागणे बरोबर नाही. माहिती संगणकात असेल तर ती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याचे कलम २(ञ) देते, आणि मागितलेल्या स्वरूपातच ती साधारणपणे द्यावी असे कलम ७(९) म्हणते. नाकारायचे असेल तर साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडेल किंवा अभिलेखाला धोका पोचेल, असे कारण द्यावे लागते. फाइल मेलने पाठवण्यापेक्षा ६४० पाने छापण्यातच साधनसामग्री जास्त जाते, हे वाक्य अपिलात जसेच्या तसे लिहा. पहिले अपील ३० दिवसांत, शुल्क २० रुपये.

फाइल मिळाली आणि उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर घाबरू नका. ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. फॉन्टचे नाव विचारा किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून मागा. शोधता न येणारा मजकूर देणे म्हणजे कुलूप लावलेले कपाट देणे.

प्रश्न : एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात आधार क्रमांक आणि बँक खातीही आहेत. तक्रार केली तर म्हणतात, ‘पारदर्शकतेसाठी लावली.’ दुसरीकडे मी एका अधिकाऱ्याच्या खर्चाची माहिती मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. (कुर्ला)

दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध दिशांनी चुकली आहेत.

अनुदानाचे लाभार्थी कोण, रक्कम किती, हे स्वतःहून जाहीर करणे माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे कार्यालयाचे कामच आहे. पण आधार क्रमांक उघड प्रसिद्ध करायला आधार अधिनियमाचे कलम २९(४) मनाई करते. नाव, गाव, रक्कम ठेवा. आधार आणि खाते क्रमांक काढा. नुसते काळे पट्टे ओढलेली पीडीएफ पुन्हा चढवू नका. पट्ट्याखालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बाहेर येतो. मूळ तक्त्यातून रकानाच पुसून नवी पीडीएफ बनवावी लागते.

नकाराबद्दल : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पूर्वी त्या कलमातच सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित हे अपवाद होते. आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. हा बदल अर्जदारांच्या मुळावर येणारा आहे, हे आमचे मत. पण कलम ८(२) शाबूत आहे : माहिती उघड करण्यातले जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर ती देता येते. अपिलात आता ८(२) चे नाव घेऊन जनहित कोणते ते दोन-तीन ओळींत ठोस लिहावे लागेल. ‘भ्रष्टाचार उघड करण्यासाठी’ एवढ्यावर भागणार नाही. सरकारी पैशातून झालेला दौरा, त्याचे बिल, मंजुरीचा क्रमांक असे मागा, व्यक्तीची माहिती मागू नका. अधिकाऱ्यांचे मासिक वेतन तर कलम ४ खाली जाहीरच करायचे असते.

प्रश्न : राज्याच्या निविदा संकेतस्थळावर सगळी कागदपत्रे चढवली, सही केली, तरी निविदा ‘सादरच झाली नाही’. शेवटच्या पाच मिनिटांत साइट हळू होती. कोर्टात जावे का? (भांडुप)

‘फ्रीझ बिड सबमिशन’चे, म्हणजे निविदा पक्की करण्याचे बटण दाबले होते का? कागद चढले म्हणजे निविदा गेली असे नाही. फ्रीझ झाल्यावर पोचपावती तयार होते; ती नसेल तर निविदा नाही. वेळ पडद्यावरच्या सर्व्हरच्या घड्याळाची धरतात, तुमच्या मनगटावरची नाही.

दराच्या बीओक्यू फाइलचे (कामाच्या बाबी आणि दर भरायचा तक्ता) नाव बदलणे किंवा तिच्यात रकाना वाढवणे यानेही फाइल नाकारली जाते. नवे डिजिटल प्रमाणपत्र घेतले असेल तर ते आधी खात्याला जोडावे लागते, आणि हे नेमके शेवटच्या तासाला लक्षात येते.

रिट याचिका करता येते, पण न्यायालय सर्व्हरच्या नोंदी पाहील. त्याच पाच मिनिटांत इतर चौघांच्या निविदा फ्रीझ झाल्या असतील, तर तुमची बाजू लंगडी. संकेतस्थळ सर्वांसाठीच बंद होते आणि तुम्ही मुदत संपण्यापूर्वी मदत कक्षाला मेल करून तक्रार क्रमांक घेतला होता, तर गोष्ट वेगळी. मुदतीआधी निविदा कितीही वेळा बदलता येते. आदल्या दिवशी एकदा फ्रीझ करून टाका, मग हवे तितके सुधारा.

प्रश्न : आईचे वय ७६. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात या.’ (धारावी)

धान्य नाकारता येत नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी फसली म्हणून लाभ बंद करण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. शिधापत्रिकेवरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा, बुबुळाचा ठसा किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, हे मार्ग दुकानदाराला वापरायला सांगा. तरी नाही म्हणाला तर तारीख, वेळ आणि दुकान क्रमांक लिहून तुमच्या विभागाच्या शिधावाटप कार्यालयात त्याच दिवशी अर्ज द्या. दहाही बोटे एकदा लावून पाहा. कष्टाच्या हातांवर अंगठा झिजलेला असतो, पण अनामिकेचा ठसा उमटतो, असे पुष्कळदा होते.

प्रश्न : आमच्या निमसरकारी कार्यालयातले संगणक सकाळी लॉक झाले, खंडणीचा निरोप आला. देखभालीच्या कंत्राटदाराने दुपारपर्यंत सगळे फॉरमॅट मारून पुन्हा चालू केले. वरिष्ठ खूश आहेत. काही राहिले का? (फोर्ट)

बरेच राहिले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सरकारी संस्थाही त्यात येतात. प्रणालीच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत राखायच्या असतात. त्या कंत्राटदाराने फॉरमॅटबरोबर पुसल्या.

सकाळी करायचे होते ते असे : नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद, संगणक तसाच चालू ठेवायचा, पडद्याचा मोबाइलवर फोटो, आणि डिस्कची हुबेहूब प्रत निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आता उशिरा का होईना, कळवा आणि उशिराचे कारण लिहा. फायरवॉल, मेल सर्व्हर, इंटरनेट पुरवठादार यांच्याकडच्या नोंदी अजून असतील. त्या आज मागा. सायबर पोलिसांत तक्रार द्या.

आणि हरवलेल्या धारिकांची यादी करायला घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ संगणकातल्या अभिलेखालाही लागू आहे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीनंतर जळालेल्या धारिका विभागाविभागांकडच्या प्रतींवरून पुन्हा जुळवाव्या लागल्या. तुमच्याकडे तेवढा धूर झाला नाही, एवढाच फरक. बॅकअप आहे असे कंत्राटदार म्हणत असेल, तर तो आज तुमच्यासमोर एका वेगळ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगा.